अक्काच्या खोलीला ओढणारी गाडी

"सोय नाही" हे दोन शब्द मला शिवीपेक्षा वाईट वाटतात. शिवी देणारा निदान तोंडावर देतो. "सोय नाही" म्हणणारा आवाजात साखर घालतो, आपलीच काळजी असल्यासारखं दाखवतो आणि हळूच दार लावून घेतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, तोंडावर असं दार किती वेळा लागलं त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. ठेवला असता तर आमच्या निम्म्या नातेवाइकांना तोंड लपवायला जागा पुरली नसती.

अक्काला लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. ती माझ्याकडे राहते, जुन्या जालन्यात, तळमजल्यावर. पुढच्या खोलीत मोटर लावलेलं शिलाई मशीन आहे, बटण हाताशी, आणि तिच्या गळ्यात कायम टेप. गल्लीतल्या कितीतरी बायकांचे ब्लाउज तिच्या हातचे. बॅटरीवर चालणारी खुर्ची तिनं स्वतःच्या कमाईनं घेतली. पुढं जी खोली आणि जी गाडी येणार आहे तीही तिच्याच कमाईची. पैशाचं एवढंच सांगते आणि तो विषय इथं संपवते, कारण आमच्याकडे अपंग बाईनं काही घेतलं की लोक आधी "पैसे कुणी दिले?" हेच विचारतात.

आमचा भाऊ, दादा, नोकरीमुळं बीडला राहतो. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्याचा फोन आला. माझे हात कणकेत होते म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला. अक्का पलीकडे मशीनवर होती, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"तू अन् दाजी चार दिवस आधीच या," तो म्हणाला. "अक्काला कामून त्रास द्यायचा? गेवराईजवळचे लॉन्स घेतले आपण. तिथं तिची सोय व्हायची न्हाई. आपण तिला व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवू की. घरबसल्या."

मशीन थांबलं. त्या मशीनखाली त्या घडीला काय होतं सांगू? नवरीचा शालूवरचा ब्लाउज. त्या पोरीच्या बारशाला तिच्या कानात नाव सांगितलं ते अक्कानं. तिचं पहिलं झबलं शिवलं ते अक्कानं. लग्नाला अक्काचे ब्लाउज हवे होते, अक्का नको होती.

लोकांना वाटतं, अपंग माणसाची अडचण म्हणजे चालणं. चालण्याचं काम खुर्ची करते. खरी अडचण असते संडासाची. कुठल्याही मंगल कार्यालयात जाऊन बघा. स्टेजवर झुंबर असेल, दारात कारंजं असेल, आणि संडास असेल मागं, दोन पायऱ्या चढून, उकिडवं बसायचा, दार इतकं अरुंद की जाड माणूस आडवा होऊन जावा. त्यामुळं कुठं कार्याला जायचं म्हटलं की अक्का आदल्या दिवसापासून पाणी बंद करायची. चुलतबहिणीच्या लग्नात भर उन्हाळ्यात ती तशीच बसली आणि अक्षता पडायच्या आधीच बेशुद्ध झाली. त्यानंतर घरच्यांनी काय करावं? संडास बघावा? छे. अक्कालाच बोलवणं बंद केलं. आणि वरून म्हणायचं, तिला झेपत नाही.

त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी दादाच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्या माझ्याही आहेत हे रागात लक्षात राहिलं नाही. अक्कानं मात्र धागा तोडला, ब्लाउजची घडी घातली आणि म्हणाली, "आपली सोय आपण संगं न्यायची. गाडी घेऊ."

तिच्या डोक्यात हे बरेच दिवस शिजत होतं. फोनवर ती कुठल्या कुठल्या देशांतल्या म्हाताऱ्या जोडप्यांचे व्हिडिओ बघायची. पिकअप गाडी, तिच्या मागं हुकाला अडकवलेली चाकांवरची खोली, खोलीत पलंग, शेगडी, संडास. जिथं जावंसं वाटेल तिथं जायचं, खोली उभी करायची आणि रात्री आपल्याच गादीवर झोपायचं. अक्काला शेगडीशी देणंघेणं नव्हतं. तिला पाहिजे होता पलंग, रुंद दाराचा संडास, धरायला दांडे आणि खुर्ची चढेल असा उतरता पत्रा.

लोखंडाचं काय हवं ते करून देणारं गाव आहे आमचं. एमआयडीसीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारे एक चाचा आहेत, त्यांनी काम घेतलं. माणूस कामाचा पक्का, पण आयुष्यभर ऊस आणि खडी वाहणाऱ्या ट्रॉल्या केलेल्या. त्यांनी अक्कासाठी खोली केली तीही अशी की आत चार म्हशी बांधाव्यात. अक्का म्हणाली, "चाचा, हलकी करा जरा." चाचा म्हणाले, "आपा, लोहा हलका रहता क्या? टूटी तो मेरा नाम बदनाम. पहले गाडी लाओ, फिर हूक की उंचाई बताता मैं." अक्काला संडासाचं दार बघून इतका आनंद झाला होता की तिनं वजनाचं मनावर घेतलं नाही. खुर्ची सरळ आत जात होती आणि आत गोल फिरत होती. खोलीला चाचांनी दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं ठेवली होती.

तर अशी खोली ओढणारी गाडी शोधायला आम्ही निघालो. मी, अक्का आणि आमचे हे. यांनी तरुणपणी ट्रॅक्टरमागं उसाच्या ट्रॉल्या ओढल्यात, त्यामुळं ओढण्याच्या बाबतीत आपल्याला ब्रह्मज्ञान आहे अशी यांची समजूत. "ट्रॉली ओढायचं मला शिकवू नका," हे वाक्य त्या दिवसांत मी इतकं ऐकलं की झोपेतसुद्धा म्हणू शकले असते.

पहिल्या शोरूमला शिरायलाच पायऱ्या. अक्का बाहेरच थांबली आणि म्हणाली, गाडी बाहेर आणा. विक्रेता आला, गळ्यात टाय, केसांना तेल. तो बोलला कुणाशी? आमच्या यांच्याशी. यांच्या खिशात तेव्हा स्कूटरची किल्ली आणि सुपारी, एवढाच ऐवज होता.

"सर, माल काय भरणार? मोसंबी? सिमेंट?"

"माल न्हाई," हे म्हणाले. "मागं खोली ओढायची."

"ओढायचं आसंल तर ट्रॅक्टर घ्या ना सर!" आणि तो हसला. मग अक्काकडे न बघता मला म्हणाला, "मॅडम, पेशंटला तिकडं सावलीत बसवा, चहा सांगतो."

"पेशंट न्हाई, गिऱ्हाईक," अक्का म्हणाली. "मला सांगा, मागं हूक लावला तर ही किती वजन ओढती?"

"मावशी, सव्वा टनाची पासिंग हाय."

"ते पाठीवरचं झालं. मी ओढायचं इचारून राह्यले."

त्याला माहीत नव्हतं. त्याच्या साहेबांनाही माहीत नव्हतं. पुढच्या दोन शोरूमांतही माहीत नव्हतं. आमच्या भागात पिकअपची किंमत तिच्या पाठीवरून होते. किती पोती बसतात, वर ताडपत्रीच्या दोरीपर्यंत किती रचता येतं, हे सगळ्यांना पाठ. पाठीवर वाहणं वेगळं आणि मागून ओढणं वेगळं हे सांगायला गेलं की लोक आपल्याकडे दया आल्यासारखं बघतात. ओढायचं म्हणजे इंजिनात हळू वेगातही जोर पाहिजे, गाडी स्वतः मागच्या खोलीपेक्षा वजनदार पाहिजे, नाहीतर उतारावर खोलीच गाडीला ढकलते, आणि हूक चासीला बोल्टनं आवळलेला पाहिजे, बंपरला लटकवलेला नाही. हे सगळं अक्कानं व्हिडिओ बघून समजून घेतलं होतं. तिचं इंग्रजी बेताचं, पण चित्र बघून समजायला इंग्रजी लागत नाही.

आणि सल्ले! गल्लीतून, ऑफिसातून, भाजीवालीपासून सगळ्यांचे सल्ले. मी बियाण्यांच्या कंपनीत उगवण तपासायचं काम करते. तिथल्या एकानं सांगितलं, एकाच रांगेची घ्या, मागं हौदा मोठा मिळतो, लग्न झालं की भाड्यानं लावता येईल. मी म्हटलं, आणि अक्का कुठं बसेल? तो म्हणाला, "मागच्या खोलीत झोपवायचं की." चालत्या खोलीत माणूस बसवायचा नसतो, जिवाला धोका असतो, कायद्यातही बसत नाही. पण ते राहू द्या. एका बाईसाठी गाडी घेतात आणि त्या गाडीत त्या बाईलाच जागा नाही, हे त्याला अजिबात खटकलं नाही. घरी येऊन मी हे सांगितलं तर अक्का एवढंच म्हणाली, "मी माल हाय का?" आमच्याकडे गाडीनं कमवायलाच पाहिजे. माणसाला कुठंतरी जावंसं वाटतं, एवढं कारण गाडीला पुरत नाही.

दोन रांगांची पिकअप पाहिजे हे ठरलं. एक आलिशान गाडी बघितली. उंच, रुबाबदार, पुढाऱ्यांच्या ताफ्यात असते तशी. जोर भरपूर, हूकसुद्धा कंपनीचा. यांचे डोळे लकाकले. अक्कानं गळ्यातला टेप काढला, खुर्चीतून वाकून जमिनीपासून सीटपर्यंत माप घेतलं, मग आपल्या खुर्चीचं घेतलं. सीट खुर्चीपेक्षा थोडी वर असली तर ती दांडा धरून हातांच्या जोरावर स्वतःला उचलून नेते. ही सीट तिच्या छातीला लागत होती. विक्रेता म्हणाला, "त्यात काय मावशी, चार माणसं उचलून बसवतील."

"मला चार माणसं लागली म्हंजे ही गाडी माझी न्हाई, त्या चार माणसांची," अक्का म्हणाली आणि खुर्ची वळवली.

गाडी शेवटी मिळाली ती अंबड रस्त्यावर जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे. रस्त्याच्या ठेकेदाराची, दोन रांगांची, डिझेलची, रंग उडालेला. बांधणी ठेंगणी, त्यामुळं सीट अक्काच्या आवाक्यात. गाडीच्या मागं एक हूक होता, त्यावर घाईघाईनं काळा रंग मारलेला. विकणारा ओशाळून म्हणाला, "ते काँक्रीटचं मिक्सर ओढायची ही, साइटवर. तेवढा हूक कापून देतो, दिसायला बराबर दिसंल."

अक्कानं नखानं रंग खरवडला. खालचं लोखंड घासून चकचकीत झालेलं होतं. "कापू नका," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच घेऊन राह्यले." एवढ्या दिवसांत पहिल्यांदा एक अशी गाडी भेटली होती जिनं आयुष्यभर ओढण्याचंच काम केलं होतं, आणि तिचा मालक तेच लपवत होता.

कागदपत्रं झाली, खोलीचीही वेगळी झाली. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली. दुसऱ्या दिवशी हे "जरा ग्रीसिंग करून आणतो" म्हणून गाडी घेऊन गेले ते दुपार कलल्यावर आले. मी खिडकीतून बघितलं तर गाडी पुढं वाकलेली आणि बूड वर. यांनी पाटे वाढवून आणले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गाडीच्या मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची जी चवड असते ते पाटे. आमच्याकडे पिकअप घेतली की देवाला जायच्या आधी माणूस पाटेवाल्याकडे जातो आणि त्या चवडीत दोन-तीन पट्ट्या जास्तीच्या घालून घेतो. म्हणजे पासिंगच्या दुप्पट माल भरला तरी गाडी बसत नाही. सगळेच घालतात. का घालता असं विचारलं तर, सगळेच घालतात म्हणून.

"अहो, आपण माल कुठं भरणार आहोत?" मी ओरडले.

"आसू दे की. मजबूत झाली. दुनिया टाकती," हे म्हणाले, आणि वरून मलाच विचारलं, "चहा हाय का?"

अक्कानं एकदा खिडकीतून गाडीकडे बघितलं आणि परत मशीन सुरू केलं. मला त्यावेळी तिचाही राग आला.

रविवारी चाचांकडून खोली जोडून आम्ही अंबडच्या दिशेनं निघालो, सरावाला. गाडीचं बूड वर असल्यामुळं खोलीचं नाकही वर झालं होतं आणि सगळा भार मागं कलला होता. त्यातून पाण्याची टाकी चाचांनी संडासाजवळ, म्हणजे अगदी मागच्या टोकाला बसवलेली आणि आम्ही ती हौसेनं काठोकाठ भरलेली. हळू होतो तोवर सगळं गोड चाललं. रस्ता मोकळा मिळाला तसा यांनी वेग वाढवला. समोरून मोसंबीचा ट्रक आला, सर्रकन गेला, आणि त्याच्या वाऱ्यानं खोली डुलली. एकदा डावीकडे, मग उजवीकडे, मग आणखी जोरात डावीकडे. गाडीचं बूड तिच्याबरोबर ओढलं जाऊ लागलं.  यांचा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नका मारू दाजी!" अक्का शेजारच्या सीटवरून ओरडली. "नुस्ता पाय काढा! स्टेअरिंग सरळ धरा!"

यांनी पाय काढला. खोली दोनदा आणखी हलली आणि शांत झाली. गाडी कडेला घेऊन आम्ही उतरलो तेव्हा यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"ट्रॅक्टरमागं असं कधी झालं न्हाई," हे म्हणाले.

"ट्रॅक्टर या वेगानं कधी पळाला?" मी म्हटलं.

अक्कानं खिडकीतून मला सांगितलं, खोली हुकावरून सोडव आणि पुढचा दांडा उचलून बघ. मी उचलला. एवढी जड खोली, आणि तिचा दांडा माझ्या एका हातात अलगद वर आला, पाळण्याच्या दोरीसारखा. अक्का म्हणाली, "तेच. हुकावर वजनच न्हाई. पुढं भार पाह्यजे, तवा ती मागं गुमान येती. जास्तीचे पाटे काढा अन् टाकी पुढं घ्या."

आता एवढ्यावर कुणीही गप्प बसलं असतं. यांना मात्र पाटे काढायचे म्हणजे मिशी उतरवल्यासारखं वाटलं. "लोकं हसतील," हे म्हणाले. "आख्खी दुनिया पाटे टाकून राह्यली, अन् आपणच काढायचे?"

"दाजी, दुनिया दोन पायांवर जिना चढती," अक्का म्हणाली. "मी दुनियेसारखं करू का?"

यांनी खोली परत हुकाला जोडली आणि गाडी हळूहळू घरी आणली. पण दुसऱ्या दिवशी स्वतःच पाटे काढून आणले. चाचांनी कुरकुरत टाकी पुढं घेतली, हुकाची उंची जुळवली, आणि खोली गाडीमागं सपाट उभी राहिली. मग यांनी एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर आठवडाभर सराव केला. मान्य करायलाच पाहिजे, गाडी उलटी घेण्यात यांचा हात कुणी धरणार नाही. आरशात बघत इतक्या बारीक जागेत खोली मागं सरकवायचे की चाचा काम सोडून बघत उभे राहायचे.

हळदीच्या दिवशी आम्ही निघालो. अंबड, वडीगोद्री, गोदावरीचा पूल. वडीगोद्रीला हॉटेलासमोर गाडी थांबवली, चहा घेतला, आणि अक्का चहावर तांब्याभर पाणी प्यायली. रस्त्यात, सगळ्यांदेखत, पोट भरेपर्यंत. तिला असं पाणी पिताना बघून मला रडू यायला पाहिजे होतं, पण मला संताप आला. पाणी पिणं ही काय मिरवायची गोष्ट आहे? पण होती.

लॉन्सच्या फाटकात दादा उभा होता. आम्हाला बघून त्याचा चेहरा पडला. "हे काय तमाशा घेऊन आलात?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "पाव्हण्यांना काय सांगू मी?"

"सांग, नवरीची आत्या आली," मी म्हटलं.

त्यानं खोली मागं लावायला सांगितली, आचाऱ्याच्या चुलाणांपलीकडे, कांद्याच्या सालींच्या ढिगाशेजारी, जिथून मंडपातून ती दिसणार नाही. माझ्या तोंडात चार शब्द आले होते. अक्कानं माझा हात दाबला आणि ते गिळायला लावले. संध्याकाळी नवरी हळदीच्या अंगानं पळत आली, खोलीत शिरली, पलंगावर बसून बघितलं, नळ सोडून बघितला आणि "आत्या, लय भारी!" म्हणून अक्काच्या दोन्ही गालांना हळद फासून गेली. तेवढं एक सुख त्या दिवसाचं.

लग्नाच्या दिवशी सकाळी दादा घाईत आला. नवरदेवाच्या आजीचे गुडघे बदललेले, त्यांना उकिडवं बसता येत नाही, आणि लॉन्सवर एकही खुर्चीचा संडास नाही. "अक्का, जरा किल्ली दे ना. पाव्हण्यांची आजी हाय. बरं दिसत न्हाई." अक्कानं लगेच दिली. आजीबाई दांडे धरून गेल्या, आल्या, आणि तिला तोंडभरून आशीर्वाद दिला. त्यांच्या मागोमाग त्यांची सून आली. मग गरोदर असलेली एक पाहुणी. लॉन्सवर बायकांसाठी संडास होते तीन, त्यातल्या एकात जास्तीच्या खुर्च्या भरून कुलूप लावलेलं, दुसऱ्याला पाणी नाही. थोड्या वेळात आमच्या दारात पैठण्यांची रांग लागली. अक्का पत्र्याशेजारी खुर्ची लावून किल्ली देत-घेत बसली. मी बादल्या भरत होते. कुणालाच नाही म्हणावंसं वाटत नव्हतं, कारण त्या सगळ्या बायका त्या दिवशी सकाळपासून पाणी कमी प्यायल्या होत्या. मी विचारलं म्हणून सांगते.

आणि मग मंडपातल्या माइकवरून आवाज आला. आहेर स्वीकारले जाणार नाहीत, मान्यवरांचं स्वागत, आणि त्याच दमात, "महिला मंडळींनी नोंद घ्यावी, वधुपित्याच्या वतीनं महिलांसाठी मंडपाच्या मागं खास फिरत्या स्वच्छतागृहाची सोय करण्यात आली आहे."

वधुपित्याच्या वतीनं! माझ्या हातातली बादली खाली आपटली. काल तमाशा होता, आज वधुपित्याची सोय झाली. घोषणा झाली तशी रांग दुप्पट झाली, आणि तिकडं पाच मिनिटांत मंगलाष्टकं सुरू होणार असं सांगायला लागले. अक्का रांगेच्या तोंडाशी अडकलेली. पुढं जाऊन तरी काय? स्टेज कमरेएवढं उंच, चढायला पायऱ्या. तिनं आजवर ज्या लग्नांना हजेरी लावली त्या सगळ्यांत ती खाली, खुर्च्यांच्या कडेला बसलेली. आमच्या घरातल्या एकाही लग्नाच्या फोटोत ती नाही.

अक्कानं किल्ली मुठीत घेतली. "दाजी," तिनं हाक मारली, "गाडी जोडा."

आत नवरदेवाची मावशी होती. ती बाहेर येईपर्यंत यांनी पिकअप आणून हुकाला लावली होती. मी रांगेची माफी मागितली, म्हटलं, अक्षता पडल्या की सगळ्यांना देतो. अक्का खुर्चीवरून गवतातून पुढं निघाली. आणि यांनी ती खोली उलटी घेतली. चुलाणांच्या कडेनं, कनातीच्या दोऱ्यांमधून, जनरेटरला वळसा घालून, बोटभर अंतर राखून. लोक खुर्च्या उचलून बाजूला झाले. खोलीचं एका बाजूचं दार स्टेजच्या कडेला येऊन थांबलं. अक्का दुसऱ्या बाजूच्या दारानं पत्रा चढून खोलीत गेली, यांनी तोच पत्रा उचलून पलीकडच्या दारात, खोलीच्या उंबऱ्यावरून स्टेजवर टाकला.

दादा धावत आला. एका हातात अक्षतांचं ताट. "अक्का, अगं, खाली बसून दिसलं आसतं की सगळं!"

अक्कानं त्याच्याकडे बघितलंही नाही. खुर्चीची कळ पुढं केली आणि ती पत्र्यावरून स्टेजवर गेली. अंतरपाट धरलेला होता. भटजी तोंड उघडं ठेवून थांबले. हार हातात घेतलेली नवरी वळली आणि मोठ्यांदा म्हणाली, "आत्या, इकडं ये, माझ्याजवळ." अक्का तिच्या शेजारी जाऊन थांबली. फोटोवाला काहीतरी सांगायला लागला, नवरीनं त्याला हातानंच गप्प केलं.

दादा तिच्या खुर्चीपाशी आला, खाली वाकला. त्याचे डोळे भरले होते. ते खरे होते, एवढं मी त्याच्यासाठी लिहिते. "अक्का," तो म्हणाला, "मला सुचलंच न्हाई गं कधी."

"पाव्हण्यांच्या आजीसाठी बराबर सुचलं," अक्का म्हणाली.

ती हे आवाज न चढवता बोलली.  भटजींनी मंगलाष्टक सुरू केलं, अक्कानं दादाच्या हातातल्या ताटातून मूठभर अक्षता उचलल्या, आणि पहिला "सावधान" होऊन अक्षता पडल्या तरी तो ते ताट धरून तसाच वाकलेला होता.